रॅकवर ४० बॉक्स, स्क्रीनवर ३६.८

चाकणजवळ कोल्ड स्टोरेज चालवणाऱ्या एका उद्योजकाने प्रश्न विचारलाय. त्यांच्याकडे गोठवलेली अख्खी कोंबडी आणि चीज असा माल असतो. खरेदी-विक्री किलोवर होते, पण माल येतो, रॅकवर चढतो आणि गाडीत भरला जातो तो बॉक्सने, आणि प्रत्येक बॉक्सचं वजन वेगळं. सॉफ्टवेअर देणाऱ्याने सांगितलं, ‘एका बॉक्सचं सरासरी वजन टाका, बाकी सिस्टिम बघून घेईल.’ सहा महिने झाले, बॉक्स जुळले तर किलो जुळत नाहीत आणि किलो जुळवले तर बॉक्स बिघडतात. चुकतंय कुठे आणि आता काय करावं?

चूक त्या सरासरीत आहे. तुमच्या पोरांच्या मोजणीत नाही आणि बहुधा काट्यातही नाही. आधी आकड्यांत दाखवतो.

समजा चिकनचे १०० बॉक्स आले. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या मूळ यादीत, ‘१ बॉक्स = १५ किलो’ लिहिलंय, त्यामुळे आवक होताच स्टॉक दिसला १,५०० किलो. पुरवठादाराचं बिल आलं १,५३८ किलोचं, कारण खरं वजन तेवढंच होतं. चार दिवसांत ६० बॉक्स गेले. जाताना काट्यावर चढवले, वजन भरलं ९४८ किलो. सॉफ्टवेअरने १,५०० मधून ९४८ वजा केले, उरले ५५२. त्याला १५ ने भागलं की ३६.८ बॉक्स. रॅकवर मात्र ४० बॉक्स उभे आहेत आणि त्यांत ५९० किलो माल आहे. उद्या एखाद्या हॉटेलची ३८ बॉक्सची ऑर्डर आली, तर स्क्रीन म्हणणार माल शिल्लक नाही. मग कोणीतरी ‘स्टॉक ॲडजस्टमेंट’ मारून गाडी काढणार. असं चार-पाचदा झालं की गोदामातलं कोणीच स्क्रीनकडे बघत नाही, सगळे जण थेट रॅककडे जाऊन मोजतात. तुमच्याकडे सध्या हेच चालू असेल.

मी या कामात येण्याआधी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारात, एका गुळाच्या आडत्याकडे नोंदी लिहायला होतो. ढेप दहा किलोची म्हणायची, पण गुऱ्हाळावर साचा कसा भरला त्यावर कुठली साडेनऊची निघते, कुठली साडेदहाची. आमचे दिवाणजी आवकेच्या वहीत दोन रकाने ठेवत: ‘ढेपा ४०’ आणि शेजारी ‘वजन ३ क्विंटल ९२ किलो’. चाळीसला दहाने गुणून वजन लिहिलेलं त्यांना चालायचं नाही, काटापट्टीवरचाच आकडा उतरवायचा. पावसाळ्यात गूळ ओल धरायचा, पाझरायचा. तेव्हा ते ढेपांच्या रकान्याला हात न लावता फक्त वजनाच्या रकान्यात नवा आकडा घालत आणि पुढे कारण लिहीत. नग आणि खरं वजन दोन्ही वेगळं नोंदवायची ही पद्धत आज मी ‘कॅच वेट’ म्हणून लोकांना शिकवतो, ते सगळं त्या वहीत होतं.

तुमच्या सॉफ्टवेअरने या दोन रकान्यांचा एक केला आणि दुसरा गुणाकाराने काढायला सुरुवात केली. ते उलटं फिरवायचं. आवक, जागाबदल, जावक, परत आलेला माल, मोजणी, अशा प्रत्येक नोंदीत नग आणि किलो दोन्ही स्वतंत्र साठले पाहिजेत. ‘१५ किलो’ हा आकडा ठेवा, पण तो फक्त अंदाजाला: ऑर्डर घेताना, गाडीत किती मावेल ते बघताना. शिल्लक काढताना त्याचा संबंध येता कामा नये. जागा, उचल आणि मोजणी नगावर चालते. किंमत, बिल आणि स्टॉकचं मूल्यांकन किलोवर चालतं.

हे काही नवीन नाही. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ मध्ये आणि सॅपमध्ये हे ‘कॅच वेट’ नावाने आहे, ओरॅकलमध्ये दुहेरी परिमाण म्हणून आहे. पण पुण्यात मध्यम गोदामांना विकली जाणारी बरीचशी सॉफ्टवेअरं ‘आमच्याकडे दोन युनिट आहेत’ असं सांगतात आणि आत फक्त एक ठरलेला गुणक असतो. विक्रेत्याला तीन गोष्टी तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. एक, नग तेवढेच ठेवून फक्त किलो कमी करून दाखव. दोन, एकाच लॉटचे दोन बॉक्स घे, एक १३.८ चा आणि एक १६.४ चा. दुसरा बाहेर काढ आणि १६.४ च वजा झाले का ते दाखव. तीन, शेवटचा बॉक्स गेल्यावर किलो शून्य होतात का, की ‘शून्य नग, साडेसहा किलो शिल्लक’ असं भूत राहतं, ते दाखव. पहिल्याच परीक्षेत अडखळला तर पुढचं प्रेझेंटेशन बघण्यात वेळ घालवू नका.

आता वजन कुठल्या पातळीवर धरायचं? दर बॉक्सचं वेगळं की अख्ख्या लॉटचं मिळून? बॉक्सवर वजनाचा बारकोड येत असेल किंवा एका बॉक्सची किंमत हजारांत जात असेल, तर दर बॉक्सचं. तुमचं चिकन आणि चीज दोन्ही यात बसतात. बटाट्याच्या गोण्यांसाठी एवढं करायची गरज नाही, तिथे लॉटचे नग आणि लॉटचं एकूण वजन पुरतं, फक्त जाताना काट्यावर चढवायचं. दर बॉक्सचं वजन धरलं की भारी बॉक्स आधी गेले काय आणि हलके आधी गेले काय, उरलेल्याचा हिशोब बिघडत नाही.

बारकोडचं जरा सविस्तर सांगतो, कारण मोठे घोटाळे इथेच होतात. जीएस१-१२८ (बॉक्सवर छापायच्या बारकोडचा एक प्रमाणित प्रकार) लेबलवर ०१ या खुणेनंतर मालाचा चौदा आकडी क्रमांक असतो. बदलत्या वजनाच्या मालाला त्या क्रमांकाचा पहिला आकडा ९ असतो. निव्वळ वजन किलोमध्ये असेल तर त्याची खूण ३१० आणि पुढे आणखी एक आकडा. तो चौथा आकडा सांगतो दशांश किती. ३१०३ नंतर ०१५६२० आलं तर १५.६२० किलो. ३१०२ नंतर ००१५६२ आलं तर तेही १५.६२ किलोच. लॉट नंबरची खूण १० आहे आणि त्याची लांबी ठरलेली नसते, म्हणून तो लेबलच्या शेवटी ठेवायला सांगा. मध्ये आला आणि विभाजक चिन्ह टाकायचं राहून गेलं, तर पुढचे सगळे आकडे लॉट नंबरात घुसतात.

एका गोदामात मी स्वतः हा चौथा आकडा पाहायला विसरलो होतो. पुरवठादार कायम ३१०३ छापायचा, म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांकडून मी सरळ ‘हजाराने भागा’ असं बसवून घेतलं. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. मग पुरवठादाराने लेबलचा प्रिंटर बदलला आणि नवा प्रिंटर ३१०२ छापू लागला. एका गाडीतले ४८ बॉक्स आले ते दीड-दीड किलोचे होऊन. ७४४ किलोच्या जागी ७४.४ किलो चढले. तिसऱ्या दिवशी बिलिंगवाल्या ताईंनी फोन केला तेव्हा कळलं. तोवर अर्धा माल गेला होता आणि गिऱ्हाइकांना दीड किलोची बिलं गेली होती. ती सगळी दुरुस्त करायला आठवडा लागला. चूक माझी होती आणि ती पहिल्या बॉक्सलाच थांबवता आली असती.

थांबवता आली असती ती मर्यादेमुळे. प्रत्येक आयटमला किमान आणि कमाल वजन लावा. मनाने नको. मागचे दोनशे बॉक्स प्रत्यक्ष तोलून बघा, कुठून कुठपर्यंत जातात ते लिहा आणि त्याच्या थोडं बाहेर रेघ मारा. तुमचे बॉक्स १३.६ ते १६.५ च्या दरम्यान पडत असतील, तर १३ आणि १७. या बाहेरचं वजन आलं की नोंद अडलीच पाहिजे, नुसती पिवळी सूचना नको. पिवळ्या सूचनेवर पोरं न वाचता ‘ओके’ दाबतात, आणि रात्री दोन वाजता गाडी दारात उभी असताना त्यांना दोषही देता येत नाही. सुपरवायझरने कारण निवडलं तरच पुढे जाईल असं ठेवा.

काट्याकडे वळू. एकच मोठा प्लॅटफॉर्म काटा घेऊन त्यावर सगळं तोलणं ही पुण्यातल्या गोदामांतली सर्रास सवय आहे. ३०० किलोचा, १०० ग्रॅमच्या टप्प्याचा (म्हणजे आकडा शंभर-शंभर ग्रॅमने बदलणारा), तिसऱ्या अचूकता-वर्गाचा काटा असेल, तर त्याची किमान तोलमर्यादा टप्प्याच्या वीस पट, म्हणजे २ किलो असते. त्यावर तुम्ही सव्वा किलोचा चीजचा ठोकळा ठेवता. त्या पट्ट्यात पडताळणीच्या वेळीसुद्धा ५० ग्रॅमची चूक नियमात बसते. सव्वा किलोवर ५० ग्रॅम म्हणजे ४ टक्के. चीजमध्ये तुमचा नफा तरी तेवढा आहे का? सुट्या ठोकळ्यांना आणि फोडलेल्या बॉक्सना लहान टप्प्याचा वेगळा काटा घ्याच.

इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी वैधमापन शास्त्र विभागाकडून फेरपडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत असेल. पण त्या बारा महिन्यांच्या मधलं कोण बघतं? दर पाळीला शिक्क्याचं २० किलोचं वजन ठेवून बघायचं आणि आकडा नोंदवायचा. काटा उणे १८ अंशांच्या खोलीत ठेवू नका, बाहेरच्या आडखोलीत ठेवा, आणि तिथेही प्लॅटफॉर्मवर दव धरतं, ते पुसून शून्य करा. क्रेट आणि पॅलेटचं वजन एकदा तोलून वर्षभर वापरू नका. लाकडी पॅलेट ओल धरतं आणि जड होतं. बाजारात आधी धडा करून, म्हणजे रिकाम्या भांड्याएवढं वजन दुसऱ्या पारड्यात घालून, मग माल तोलतात, तसंच इथेही रिकामं पॅलेट आधी तोललेलं बरं. शक्यतो पॅलेटसकट तोलायची वेळच येऊ देऊ नका, बॉक्स तोला. काटा संगणकाला जोडा आणि आकडा स्थिर झाल्याशिवाय सॉफ्टवेअर तो घेणार नाही असं बसवून घ्या. हाताने टाकलेलं वजन चालू ठेवायचंच असेल, तर त्या नोंदीवर खूण राहू दे, म्हणजे महिन्याच्या शेवटी अशा किती नोंदी झाल्या ते तुम्हाला बघता येईल.

ऑर्डरपासून बिलापर्यंतचा मार्गही बदलावा लागेल. गिऱ्हाईक ‘२०० किलो पाठवा’ म्हणतं. मास्टरमधल्या १५ ने भागलं तर १३.३ येतात, माणूस १४ बॉक्स काढतो आणि २१५ किलोच्या पुढे जातो, मग ‘एवढं मागितलंच नव्हतं’ म्हणून परत येतं. समजा वरचा १०० बॉक्सचा लॉट अजून अख्खा रॅकवर आहे, त्याची खरी सरासरी १५.३८ आहे. तिने भागलं तर १३ बॉक्स, म्हणजे १९९.९४ किलो. अंदाज करायचाच असेल तर त्या लॉटच्या खऱ्या वजनावरून करा. गिऱ्हाइकाशी किती टक्के कमी-जास्त चालेल ते लिहून घ्या, तीन टक्के बहुतेकांना चालतात. आरक्षण बॉक्सवर करा. बिल मात्र माल काढून वजन नक्की झाल्याशिवाय बनू देऊ नका.

कारण नुसतं बिल चुकत नाही. चीजचं उदाहरण घ्या. ऑर्डरच्या वेळी अंदाज २१० किलो, दर ४५० रुपये, म्हणजे ९४,५०० आणि ५ टक्के जीएसटी धरून ९९,२२५. राज्यातल्या राज्यात महाराष्ट्रात ई-वे बिलाची (माल गाडीतून नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मर्यादा एक लाख आहे, म्हणून कोणी ते काढलं नाही. प्रत्यक्षात भरले २१३.८ किलो. कर धरून झाले १,०१,०२० रुपये. आता गाडी ई-वे बिलाशिवाय तळेगावच्या रस्त्याला लागली आहे. पावणेचार किलोंचा फरक आहे, पण रस्त्यात अडवलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय. काढलेल्या मालाचं पक्कं वजन, मग बिल, मग ई-वे बिल, मग गेट पास, हा क्रम सॉफ्टवेअरमध्येच बांधून टाका. उधारीची मर्यादा तपासताना मात्र अंदाजाच्या थोडं वरचं वजन धरा.

घट हा विषय गोदामात सगळ्यात जास्त भांडणं लावतो. गोठवलेलं आणि पिशवीत बंद असलेलं चिकन फारसं घटत नाही. व्हॅक्यूम पॅकमधलं चीजही नाही. पण पिकवायला उघडं ठेवलेलं चीज पाणी सोडतं आणि हलकं होतं. चीजची बारा गोल चाकं ६१.४ किलो भरून आत गेली आणि काही आठवड्यांनी ५८.९ भरली. नग बारा ते बाराच. अडीच किलो कुठे गेले? पूर्वी हे ‘तूट’ म्हणून चढायचं आणि गोदामातल्या माणसाकडे संशयाने बघितलं जायचं. एका जुन्या, प्रामाणिक स्टोअरकीपरने याच कारणावरून नोकरी सोडलेली मी पाहिली आहे, म्हणून याबद्दल मी आग्रही आहे. ‘वाळण्याची घट’ असं वेगळं कारण सॉफ्टवेअरमध्ये असलंच पाहिजे, नग न हलवता फक्त किलो कमी करणारं. नेहमीची घट मालाच्या किमतीत बसते. ४०० रुपये किलोने घेतलेल्या त्या चीजची एकूण किंमत २४,५६० च राहते, पण किलोमागे ती आता जवळपास ४१७ रुपये झाली आहे. विक्रीवाल्याला हा आकडा दिसला नाही तर तो ४१० ला विकून खूश होईल. नेहमीपेक्षा जास्त झालेली घट, समजा कॉम्प्रेसर बंद पडल्याने झालेली, किमतीत मिसळायची नाही, ती साठ्याच्या मूल्यांकनाच्या एएस २ या लेखामानकाप्रमाणे त्या काळाच्या खर्चात जाते. तुमच्या सीएंना दोन्हींसाठी वेगळी खाती उघडायला सांगा.

फोडलेल्या बॉक्सची नोंद सगळीकडे कच्ची असते. १५.६२० चा बॉक्स आहे, दहा कोंबड्या. केटरिंगवाल्याला चारच हव्या आहेत. चार तोलल्या, ६.४८० भरल्या, बिल झालं. उरलेल्या सहांचं वजन वजाबाकीने ९.१४० येतं. पण तेवढ्यावर सोडू नका. उरलेला बॉक्स परत काट्यावर ठेवा, खरं वजन घ्या, नवं लेबल लावा आणि जुन्या बारकोडवर मार्करने जाड रेघ मारा. ही रेघ मारायची राहून गेली तर दोन दिवसांनी कोणीतरी जुनंच लेबल स्कॅन करतो आणि १५.६२० दुसऱ्यांदा वजा होतात. फोडलेले बॉक्स ठेवायला एक ठरावीक जागा द्या, खालचा एखादा कप्पा चालेल.

मोजणीला सगळं तोलत बसू नका. रोज थोड्या रॅकचे नग मोजा, आणि त्यातले मोजके बॉक्स काट्यावर चढवून लेबलशी ताडून बघा. फरक आला तर आधी विचारा, कशात आला? नग कमी असतील तर माल चुकीच्या जागी आहे किंवा स्कॅन राहिलाय. नग बरोबर आणि किलो कमी असतील तर घट, काटा किंवा लेबल. दोन्ही कमी असतील तरच बाकीच्या शंका घ्या. आता तुमच्याकडे हे तिन्ही एकाच ‘ॲडजस्टमेंट’मध्ये जातात, म्हणून सहा महिने चौकशी करूनही काही हाती लागलेलं नाही.

हिशोब टॅलीत असेल तर तिथे आयटमचं मूळ परिमाण किलो ठेवा आणि नग पर्यायी. व्हाउचरमध्ये खरे नग आणि खरे किलो दोन्ही पाठवा, टॅलीला गुणाकार करू देऊ नका.

जुन्या आकड्यांवर नवी पद्धत चढवता येत नाही. सहा महिन्यांच्या त्या ॲडजस्टमेंट उलगडत बसू नका, त्यातून काही निघणार नाही. एक रविवार ठरवा, आवक-जावक बंद ठेवा आणि चीजपासून सुरू करा, कारण नग कमी आहेत आणि दर जास्त. प्रत्येक नग तोला, लेबल लावा, नग आणि किलो दोन्ही सुरुवातीची शिल्लक म्हणून टाका. चीज महिनाभर नीट चाललं की चिकन घ्या. चिकनला एक रविवार पुरणार नाही. माल फार वेळ बाहेर ठेवता येत नाही, म्हणून एका वेळी एकच रॅक आडखोलीत आणा, तोला, परत आत ढकला आणि मग पुढची उघडा. मदतीला रात्रपाळीची पोरं घ्या, रॅकचा कोपरान् कोपरा त्यांनाच माहीत असतो.